मुठीतले शस्त्र: बत्तीस बोअर, बावीस बोअर आणि हवा

पुण्यात ज्याला मुठीत मावणारे शस्त्र हवे आहे त्याच्यासमोर दोन पत्ते असतात. एक कॅम्पातल्या पोलीस आयुक्त कार्यालयाच्या परवाना शाखेचा, दुसरा बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या शूटिंग रेंजचा. पहिल्या पत्त्यावर जाणारा बहुधा जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने जातो. दुसऱ्यावर जाणाऱ्याला खेळ खुणावत असतो. दोघेही विचारतात मात्र एकच प्रश्न: कोणते पिस्तूल चांगले?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण ही दोन कामे करणारी शस्त्रे एकमेकांपासून फार दूर आहेत. घरात ठेवण्याचे रिव्हॉल्व्हर घेऊन बालेवाडीच्या लेनमध्ये उभे राहिलात तर पहिल्या दहा गोळ्यांतच निराशा येईल. रेंजवरचे पिस्तूल कमरेला लावून फिरणे तर कायद्यातही बसत नाही आणि व्यवहारातही. तुलना करायची तर आधी हेतू ठरवावा, मग शस्त्र. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: ज्याला नेम धरण्याची ओढ आहे त्याने पहिली काही वर्षे हवेच्या पिस्तुलाखेरीज कशाचाही विचार करू नये. ज्याला संरक्षण हवे आहे त्याने बोअर आणि कंपनी यांच्याआधी सरावाचा विचार करावा. असे का, ते पुढे येईलच.

पुण्याला या विषयाची ओळख खेळातून झाली नाही. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याच्या मर्जीवर गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली ती पिस्तुलाने. १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टरवर गोळ्या झाडताना अनंत कान्हेरे यांच्या हातात ब्राऊनिंग पिस्तूल होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुले पाठवली होती. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. हा हक्क पुढे राज्यघटनेत आला नाही. स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा केला, तो १९६२ मध्ये अमलात आला, आणि आज आपण ज्या चौकटीत आहोत ती त्या कायद्याची, २०१६ च्या नियमांची आणि २०१९ च्या दुरुस्तीची आहे.

या चौकटीत मुठीतल्या शस्त्राची जागा सर्वांत अवघड आहे. रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारी बावीस बोअरची रायफल, किंवा संरक्षणासाठी-पिकांसाठी लांब नळीची साधी बंदूक, यांच्याकडे कायदा तुलनेने मोकळेपणाने पाहतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते सबळ आहे की नाही हे परवाना देणारा अधिकारी ठरवतो. पुणे शहरात तो अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, आणि ग्रामीण भागात हे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत. अर्जदाराला २१ वर्षे पूर्ण हवीत. पोलीस पडताळणी होते, शारीरिक आणि मानसिक प्रकृतीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका सामान्य परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहतील असे ठरवले आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. नामांकित आणि पात्र नेमबाजांना शस्त्रांच्या संख्येत सवलत आहे.

परवाना मिळाला तरी दुकानात जाऊन हवे ते उचलता येत नाही. नऊ मिलिमीटरसारखी सैन्य-पोलिसांच्या वापरातली काडतुसे ज्यातून सुटतात ती शस्त्रे सामान्य नागरिकाला बंद आहेत. सिनेमात दिसते ते बहुतेक सगळे या बंद कपाटात आहे. उरते मुख्यतः बत्तीस बोअर. परदेशी शस्त्रांची खुली आयात १९८० च्या दशकात थांबली, त्यामुळे आजोबांच्या काळातले वेब्ली किंवा वॉल्थर कोणी विकायला काढले तर त्याची किंमत त्याच्या गुणांपेक्षा दुर्मिळतेवर ठरते. तशा शस्त्रासाठी लाखो रुपये मोजणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की सत्तर वर्षांची स्प्रिंग ही सत्तर वर्षांची स्प्रिंग असते, आणि तिचा सुटा भाग आज मिळत नाही.

नव्यातले पर्याय मोजके आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे देशभर विकले गेले. जानेवारी २०१४ मध्ये त्याच कारखान्याने ‘निर्भीक’ आणले. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. वजन जवळपास ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी शस्त्रे बनवणारी कंपनी कानपूरला आहे आणि तिने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे चक्र बाजूला उघडते. नळी ७६ मिलिमीटर, वजन सुमारे ७०० ग्रॅम. खासगी क्षेत्रात वेब्ली अँड स्कॉटचे नाव घेऊन उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बनू लागले आहे. सरकारी कारखान्यांनी बत्तीस बोअरची पिस्तुलेही बनवली आहेत.

त्या सातांपैकी दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्यालय मात्र पुण्यात आहे, आणि तिच्या छत्राखाली खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना येतो. जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे दिसतात ती या खडकीची. जगभरचे काडतूस-संग्राहक ही अक्षरे ओळखतात. मुंबई-पुणे रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना त्या भिंतीआड काय बनते याची कल्पना नसते.

काडतुसाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. ‘बत्तीस बोअर’ या एकाच नावाखाली दोन वेगवेगळी काडतुसे येतात. एक रिव्हॉल्व्हरचे: स्मिथ अँड वेसन कंपनीचे १८९६ चे, लांबट, बुडाला रुंद कड असलेले. दुसरे पिस्तुलाचे: जॉन ब्राऊनिंगने १८९९ च्या सुमारास बेल्जियममधल्या कारखान्याच्या पिस्तुलासाठी आखलेले, आखूड आणि अगदी अरुंद कडेचे. एकाचे काडतूस दुसऱ्याच्या शस्त्रासाठी नाही. कड रुंद का, तर रिव्हॉल्व्हरच्या चक्रातल्या भोकात काडतूस आरपार घसरू नये म्हणून. पिस्तुलात काडतुसे मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात, तिथे रुंद कडा एकमेकींत अडकतील. शस्त्राची रचना काडतुसाच्या बुडापर्यंत अशी पोहोचलेली असते.

ताकदीच्या बाबतीत या दोघांत फार अंतर नाही. रिव्हॉल्व्हरची गोळी जड आणि संथ, पिस्तुलाची हलकी आणि वेगवान. नळीतून सुटताना दोघींची ऊर्जा साधारण दीडशे ज्यूलच्या आगेमागे असते. जगाच्या मानाने ही कमजोर काडतुसे मानली जातात, आणि आपल्याकडचे हौशी लोक त्यावरून हळहळतात. ती हळहळ मला पटत नाही. दीडशे ज्यूलची गोळी माणूस मारायला पुरेशी आहे, आणि फ्लॅटच्या पातळ दारातून पलीकडे जाऊन शेजाऱ्याला लागायलाही.

मग रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारे चक्र असते, त्यात बहुधा सहा काडतुसे. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते, घोडा मागे जातो आणि आपटतो. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे घर समोर येते. यंत्र भरलेले आहे की रिकामे ते चक्र उघडून डोळ्यांनी पाहता येते. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. दोष चापात आहे. एकाच ओढीत चक्र फिरवायचे, घोडा उचलायचा आणि सोडायचा म्हणजे बोटावर पाच किलोंच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, भार येतो. शस्त्राचे स्वतःचे वजन जेमतेम सातशे ग्रॅम. आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोर एका बोटाने लावताना ते शस्त्र हातात जागच्या जागी राहावे अशी अपेक्षा असते, आणि ते राहत नाही. नळी खाली आणि बाजूला जाते. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप बराच हलका होतो, पण घाबरलेल्या माणसाला तेवढी फुरसत नसते.

पिस्तुलाची वरची सरकपट्टी गोळीच्याच धक्क्याने मागे सरकते, रिकामे टोपण बाहेर फेकते, नवे काडतूस आत घेते. चाप हलका, मूठ सपाट, कपड्याआड मावणारे. पण ते अडखळण्याच्या जागा जास्त आहेत. मूठ सैल धरली तरी सरकपट्टी पुरती मागे जात नाही आणि काडतूस अडकते. सर्वांत घातक म्हणजे मॅगझिन काढून घेतले तरी नळीच्या मागच्या घरात एक काडतूस शिल्लक असू शकते. ‘रिकामे आहे’ असे समजून झालेल्या अपघातांत हीच कहाणी पुन्हा पुन्हा येते. आधी मॅगझिन काढायचे, मग सरकपट्टी मागे ओढून घर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे. हा क्रम उलटला की एक काडतूस आपण स्वतःच आत ढकललेले असते. ज्याला नियमित सराव करता येणार नाही अशा माणसाला या दोहोंतले एक निवडायचेच असेल तर मी रिव्हॉल्व्हर म्हणेन, केवळ ते उघडून दाखवते म्हणून.

पण सराव करायचा कुठे? संरक्षणासाठी परवाना घेणाऱ्याची खरी अडचण इथे आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील त्याची मर्यादा लिहिलेली असते, त्यांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि आपल्या टेरेसवर किंवा मुळशीच्या प्लॉटवर झाडून पाहणे गुन्हा आहे. हर्षाच्या भरात केलेल्या गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने वेगळे कलमच घातले: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परिणामी पुष्कळ परवानाधारकांनी आपले शस्त्र घेतल्यापासून फारच थोड्या वेळा चालवलेले असते. निवडणूक आली की अनेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, निकालानंतर परत आणावे लागते. हाच काय तो त्या शस्त्राचा प्रवास. आणि ज्या रात्रीसाठी ते घेतले ती रात्र कधी आलीच, तर हात थरथरत असतील, पाच किलोंचा चाप असेल आणि समोर अंधार. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो गरजेपुरत्या बळाचाच. गरज किती होती हे नंतर न्यायालय ठरवणार.

घरात शस्त्र असण्याचा धोका बाहेरच्या चोरापुरता नसतो. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांचा बारा वर्षांचा अभ्यास आला. मुठीतले शस्त्र बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण ते न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट होते, आणि स्त्रियांमध्ये पस्तीस पटींहून जास्त. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे पुण्याला लावता येत नाहीत, पण कपाटातल्या भरलेल्या शस्त्राशेजारी निराशेची एक रात्र काय करू शकते हे समजायला देश बदलावा लागत नाही. म्हणून शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि घरातल्या कोणाचेही मन ठीक नसेल तर ते शस्त्र घराबाहेर, अधिकृत ठिकाणी जमा. यात तडजोड नको.

आता बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल उभे राहिले आणि ऑक्टोबर २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या वेळी ते नव्याने सजले. त्या युवा स्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी बालेवाडीत सराव करून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्य आणले. नेमबाज गगन नारंग यांची ‘गन फॉर ग्लोरी’ अकादमीही इथलीच. रायफलमध्ये महाराष्ट्राचा दबदबा जुना आहे, अंजली भागवत यांच्यापासूनचा. पिस्तुलात तो राहींनी निर्माण केला: २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण, मग कोपराच्या दुखापतीने खेळात पडलेला मोठा खंड, आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या स्पर्धकाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिला शूट-ऑफही बरोबरीत गेला, दुसऱ्यात निकाल लागला.

राहींच्या हातातले ते पिस्तूल बावीस बोअरचे, म्हणजे ५.६ मिलिमीटरचे. हे काडतूस १८८७ चे, आणि आजही जगात सर्वांत जास्त झाडले जाणाऱ्यांपैकी एक. २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत आधी तीस गोळ्या सावकाश, मग तीस वेगात. वेगाच्या भागात लक्ष्य फक्त तीन सेकंद खुले राहते, मग सात सेकंद बंद. हात प्रत्येक वेळी ४५ अंशांत खालून वर आणायचा आणि तीन सेकंदांत एकच गोळी. नियमाने चापाचे वजन किमान एक किलो, शस्त्राचे जास्तीत जास्त १४०० ग्रॅम. या पिस्तुलाची नळी मुठीच्या मानाने खाली बसवलेली असते, म्हणजे धक्का मनगटाला वर न फिरवता सरळ मागे येतो. मूठ लाकडाची, नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे कोरलेली. काही जण तिच्यावर लाकडी लांबीचे थर देऊन आपल्या हाताचा साचाच तयार करतात.

हवेचे पिस्तूल त्याहून साधे वाटते, आणि त्याहून कठोर आहे. दहा मीटर अंतर. साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा, पुढून सपाट, म्हणजे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते. दांड्यासारख्या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली, तिचा नेमका एक घोट दर वेळी सुटतो. वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर, ऊर्जा पाच-सहा ज्यूल. बत्तीस बोअरच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढी. चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम. पिस्तूल एका हातात धरायचे, मनगटाला कसलाही आधार नाही, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. मुख्य फेरीत ७५ मिनिटांत साठ गोळ्या. लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर.

आता नेमाचे साधे गणित पाहू. पिस्तुलावर दोन खुणा असतात. मागे खाच असलेली बॅकसाईट, पुढे काडीसारखी फोरसाईट. दोन्ही एका रेषेत, काडीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड. हवेच्या पिस्तुलावर या दोन खुणांत साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असते. काडी खाचेत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर सरकतो. दहाचा ठोका सातवर येतो. २५ मीटरच्या पिस्तुलात खुणांतले अंतर नियमाने २२ सेंटिमीटरपर्यंतच. तिथे तीच एक मिलिमीटरची चूक ११ सेंटिमीटरांहून मोठी होते. आणि कमरेच्या रिव्हॉल्व्हरवर दोन खुणांत दहा-बारा सेंटिमीटर अंतर धरले तर दहा मीटरवरच आठ-दहा सेंटिमीटरांचा फरक, पाच किलोंच्या चापाने बसणारा हिसका वेगळा. आखूड नळीची गोळी मुळात वाकडी जात नाही. माणसाची चूक ती मोठी करून दाखवते.

उलट हात थोडा हलला, पण दोन्ही खुणा एका रेषेत राहिल्या, तर नुकसान फार कमी. पिस्तूल सरळ बाजूला पाच मिलिमीटर सरकले तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. म्हणून प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून सांगतात की लक्ष्याकडे पाहू नका, फोरसाईटकडे पाहा. लक्ष्याचा काळा गोल धूसर दिसला पाहिजे आणि काडी धारदार. काडी काळ्या गोलावर न ठेवता त्याच्या खाली, पांढऱ्या भागात ठेवायची, कारण काळ्यावर काळी काडी हरवते. हे ऐकायला सोपे आहे. डोळा मात्र जन्मभर ज्याला मारायचे, ज्याला पकडायचे त्याच्याकडेच पाहत आलेला असतो, आणि त्याची ही सवय मोडायला महिने लागतात.

हे महिने हवेच्या पिस्तुलावर स्वस्तात आणि शांततेत जातात. छर्ऱ्याला दारू नाही, मोठा आवाज नाही, धक्का जवळपास नाहीच. त्यामुळे गोळी सुटण्याच्या आधीच डोळे मिटणे आणि मूठ आवळणे, ही जी मोठ्या शस्त्राने जडणारी खोड आहे, ती लागतच नाही. त्याहून स्वस्त म्हणजे ड्राय फायरिंग: छर्रा न घालता, भिंतीसमोर उभे राहून, फक्त चाप ओढायचा आणि काडी हलली का ते पाहायचे. आधुनिक स्पर्धा-पिस्तुलांत त्यासाठी वेगळी कळ असते. पुढे ऑलिंपिकपर्यंत गेलेले नेमबाजही हा सराव सोडत नाहीत.

आणि परवाना? २०१६ च्या नियमांनुसार ज्या हवेच्या शस्त्राची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा आणि बोअर साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, ते बाळगायला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेचे पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत बसते. खरेदीची पावती मात्र जपून ठेवावी आणि रेंजवर नेताना ते पेटीतच न्यावे. रस्त्यावरच्या माणसाला आणि पोलिसाला ते हवेचे आहे हे लांबून कळत नाही. छर्रा डोळा फोडू शकतो, त्यामुळे शिस्त खऱ्या शस्त्राचीच. रेंजवर प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतून भडक रंगाची दोरी घातलेली असते. ती नळीमागच्या घरापर्यंत दिसली म्हणजे ते घर रिकामे आहे हे कोणालाही पाहता येते, आणि गोळीबाराचा आदेश मिळेपर्यंत ती काढायची नसते.

कोणते घ्यावे, या प्रश्नावर पालक फार पैसा घालवतात. ऑस्ट्रियाचे स्टायर, स्वित्झर्लंडचे मोरिनी, जर्मनीचे वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीचे पार्डिनी ही नावे प्रत्येक रेंजवर ऐकू येतात. किमती लाखाच्या पुढे. यांतल्या कोणत्याही पिस्तुलाला शिकंज्यात घट्ट बसवले तर सगळे छर्रे एकाच भोकातून जातात, म्हणजे अचूकतेवरून निवड करण्यात अर्थ नाही. निवड मुठीवरून करावी. उजवी की डावी, लहान की मध्यम, तळव्याची टेकण कुठे येते, चापापर्यंत बोटाचे पहिले पेरच पोहोचते ना. दुसरा मुद्दा चापाचा: यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक चाप काचेसारखा तुटतो, नेमबाजांना आवडतो, पण बिघडला तर लेनमध्येच दुरुस्त होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि सहाशेपैकी ५७५ गुणांवर त्या बाराव्या राहिल्या. तीन वर्षांनी पॅरिसला त्यांनी दोन कांस्यपदके घेतली. नवशिक्याने यांत्रिक चाप घ्यावा असे मला वाटते. तो समजतो, आणि ज्याला तो समजला त्याला स्वतःच्या बोटाची चूकही समजते.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर पहिल्या वर्षात काहीच विकत घेऊ नये. अकादमीची पिस्तुले वापरावीत. हात अजून वाढतोय, मूठ दर वर्षी बदलणार. किलोभर वजन सरळ हाताने तोलण्यासाठी खांदा आणि पाठ घडावी लागते, त्याचे व्यायाम घरी पाण्याच्या बाटलीने करता येतात. कोपर दुखू लागले तर थांबावे.

हवेच्या पिस्तुलावर पाचशे चाळीस-पन्नासच्या पुढे सातत्याने गुण येऊ लागले की बहुतेकांना २५ मीटरची ओढ लागते. तिथून पुन्हा परवाना, रायफल संघटनेचे सदस्यत्व, स्पर्धांतली पात्रता आणि परदेशी काडतुसांची वाट पाहणे सुरू होते. सुरुवातीला संघटनेच्या किंवा अकादमीच्या शस्त्रावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करता येतो, आणि तोच मार्ग बरा. ज्यांना मोठ्या बोअरचीच हौस आहे त्यांच्यासाठी एक माहिती: जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतल्या पुरुषांच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात बरेच नेमबाज जे काडतूस वापरतात ते बत्तीस बोअरचेच, १८९६ च्या त्या लांबट जातीतले, फक्त गोळी पुढून सपाट. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचे आणि त्या इटालियन-जर्मन स्पर्धा-पिस्तुलांचे काडतूस एकाच घराण्यातले. हलका धक्का आणि अचूकता यांमुळे ते तिथे टिकून आहे. त्या लेनमध्ये उभ्या असलेल्या बहुतेकांची सुरुवात दहा मीटरवर, अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याने झालेली असते.